'आळशी' लिहिण्याआधी

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत आयडल, स्लॅकर, ड्रोन अशा शब्दांपुढे सर्रास एकच अर्थ दिसतो: आळशी. तो पाहिला की मला राहवत नाही. यातले कितीतरी शब्द माणसाच्या स्वभावाबद्दल नव्हतेच. ते त्याच्या कामाबद्दल किंवा परिस्थितीबद्दल होते.

'लोफर'चं आपण उलटंच केलं. आपल्याकडे लोफर म्हणजे मुलींची छेड काढणारा वाह्यात पोरगा. इंग्रजीत मात्र तो नुसता वेळ घालवत हिंडणारा माणूस.

'आयडल' म्हणजे कामचोर, हा समज त्याहून पक्का आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता रिकामा, पोकळ. आपल्या 'रिकामटेकडा'तही तोच 'रिकामा' आहे. कारखान्यात 'मशीन आयडल आहे' म्हणतात तेव्हा मशीनला कुणी दोष देत नाही, तिच्यावर काम लावलेलं नाही एवढंच सांगतात. शिडाच्या जहाजांवर तर सुतार, शिडं शिवणारा, स्वयंपाकी यांना 'आयडलर्स' म्हणत. बाकीचे खलाशी पाळीपाळीने रात्रंदिवस पहारा देत. यांना रात्रपाळी नसे, म्हणून हे नाव. दिवसभर मात्र फुटलेली फळी बदलायची, फाटलेलं शीड सांधायचं, आणि वादळात सगळ्यांना हाक पडली की यांनाही डेकवर धावावं लागे.

'लेम डक'चा अर्थ वर्तमानपत्रांतून हमखास चुकतो. निष्प्रभ, अकार्यक्षम नेता असा तो घेतला जातो. अठराव्या शतकात लंडनच्या शेअरबाजारात देणी बुडवणाऱ्या दलालाला लंगडं बदक म्हणत. पुढे अमेरिकेत हा शब्द राजकारणात आला तो अशा पदाधिकाऱ्यासाठी, ज्याचा वारस निवडून आला आहे पण मुदत अजून संपलेली नाही. नोव्हेंबर १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्टनी तेव्हाचे अध्यक्ष हूव्हर यांचा पराभव केला, पण सत्तांतर व्हायचं होतं थेट ४ मार्च १९३३ ला. त्या चार महिन्यांत बँका धडाधड बंद पडत होत्या. हूव्हरच्या हाती पद होतं, पण जाणाऱ्या माणसामागे उभं राहायला फारसं कुणी तयार नव्हतं. हा कॅलेंडरचा दोष होता. १९३३ च्याच विसाव्या घटनादुरुस्तीने शपथविधी २० जानेवारीवर आणून ही मुदत कमी केली.

सगळ्यात मोठा अन्याय मला वाटतो तो 'ड्रोन'वर. ड्रोन म्हणजे पोळ्यातली नर मधमाशी, आणि इंग्रजीत ऐतखाऊ माणूस. तो मध गोळा करत नाही हे खरं, पण त्याची जीभ आखूड असते आणि पराग साठवायला पायांवर कामकरी माशीसारख्या टोपल्याच नसतात. त्याला नांगीही नसते. असतात ते डोक्यावर एकमेकांना भिडलेले मोठे डोळे, उडत्या राणीला आकाशात शोधण्यासाठी. मीलन झालं की तो तिथेच मरतो. राणीच्या अंड्यांतून कामकरी माश्या निपजतात त्या या नरामुळेच.

१९३५ मध्ये ब्रिटिशांनी तोफांच्या सरावासाठी रेडिओवर चालणारं विमान केलं, त्याचं नाव 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी. अमेरिकी नौदलाने तशा विमानांना पुढे 'ड्रोन' म्हटलं. आज आपल्याकडे शेतकरी फवारणीसाठी ड्रोन बोलावतो, आणि पाठीवर पंप घेऊन दिवसभर करायचं काम ते काही मिनिटांत उरकतं.