पहिल्या फटक्याचा हिशेब

रहाटणीहून पहाटे पाचला निघाले की औंध, खडकी ओलांडून येरवड्याचे पूना गोल्फ क्लब विनासायास गाठता येते. बेअरिंग आणि पुलीच्या पेढीवर तीस वर्षे बसलेल्या माणसाने रविवारची पहाट अशी खर्च करावी, हे आमच्या मोठ्या काकांना अद्यापही पटलेले नाही. 'चेंडू लांब मारायचा आणि मग त्याच्यामागे चालत जायचे, यात कमाई ती कोणती?' हा त्यांचा प्रश्न. मीही हौसेने या खेळाकडे वळलो नाही. चाकणच्या एका कारखान्यातील खरेदी अधिकारी आम्हां पुरवठादारांना वर्षातून एकदा खेळावयास बोलावू लागले आणि नकार देणे व्यवहाराला धरून झाले नसते, इतकेच.

त्या निमंत्रणाआधी मी एक ड्रायव्हर विकत घेतला. दूरचित्रवाणीवर एका नामवंत खेळाडूच्या हाती पाहिला होता तसाच: नऊ अंशांचा, ताठ दांड्याचा. किंमत घरी सांगितली ती निम्मी. पहिल्या टीवर मागे दहा-बारा मंडळी उभी असताना माझा चेंडू उजवीकडे वळत थेट हद्दीबाहेर गेला. दुसराही त्याच वाटेने गेला. नियम असा की चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक दंडाचा फटका मोजायचा आणि पुन्हा मूळ जागेवरूनच खेळायचे. म्हणजे दोन चेंडू गमावून, चार फटके खात्यावर चढवून, मी होतो तिथेच उभा होतो. खरेदी अधिकारी हसून म्हणाले, ''शेठ, तुमचा माल वेळेवर येतो, चेंडूचे मात्र काही सांगता येत नाही.'' थट्टाच होती; पण ज्यांच्याशी पुढच्या आठवड्यात दरावर बसायचे, त्यांच्या तोंडून ती ऐकताना कान तापले.

मग मी एक वही घातली. प्रत्येक फेरीनंतर टीवरून कोणती स्टिक वापरली आणि चेंडू कुठे पडला, एवढेच लिहायचे. महिन्याभरात ड्रायव्हरच्या रकान्यात तांबड्या फुल्या दाटल्या. तीन क्रमांकाच्या वूडचा चेंडू वीस-पंचवीस यार्ड अलीकडे पडत होता, पण सापडत होता.

याची कारणे आपल्या भोसरी-चिंचवडच्या कारखानदाराला चटकन उमगतील. ड्रायव्हरचा दांडा साधारण पंचेचाळीस इंचांचा, तीन क्रमांकाच्या वूडचा त्रेचाळीसच्या आसपास, पाच क्रमांकाचा त्याहून आखूड. दांडा जितका लांब, तितका वेग अधिक; पण चेंडू पात्याच्या मध्यावर बसण्याची खात्री तितकी कमी. दुसरी गोष्ट पात्याच्या तिरकेपणाची. ड्रायव्हरचा तिरकेपणा नऊ ते बारा अंश, तीन क्रमांकाचा पंधरा, पाच क्रमांकाचा अठरा. तिरकेपणा वाढला की चेंडूला उलटी फिरकी अधिक मिळते आणि पाते थोडे वाकडे लागले तरी तो बाजूला कमी वळतो. मनगटाची चूक तीच असते, पण पाच क्रमांकाची वूड ती पोटात घालते. ड्रायव्हर ती चव्हाट्यावर आणतो.

पूर्वी हे डोके पर्सिमनच्या लाकडाचे असे, म्हणूनच आजही धातूच्या स्टिकला 'वूड' म्हणतात. टेलरमेड कंपनीने १९७९ साली पोलादी डोके बाजारात आणले, १९९१ मध्ये कॅलवेची बिग बर्था आली आणि पुढे टायटॅनियममुळे डोके फुगत गेले. आता नियमाने ते ४६० घनसेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. मोठे पोकळ डोके, वजन कडेला वाटलेले. त्यामुळे मध्य चुकला तरी पाते कमी फिरते. नवशिक्याला मोठे डोके हितकारकच आहे. घात करतो तो लांब दांडा आणि कमी तिरकेपणा.

आणि हा केवळ नवख्यांचा विचार नव्हे. २००६ मध्ये हॉयलेकच्या ब्रिटिश ओपनमध्ये टायगर वूड्सने बहात्तर होलमध्ये ड्रायव्हर एकदाच काढला आणि विजेतेपद मिळवले; उन्हाने कडक झालेल्या जमिनीवर लोखंडी स्टिकचा चेंडूही दूर घरंगळत होता. स्वीडनच्या हेन्रिक स्टेन्सनची तीन क्रमांकाची वूडही अशीच गाजली. २०१६ च्या ओपनमध्ये त्याने अखेरच्या दिवशी ६३ फटक्यांची फेरी खेळून फिल मिकेलसनला मागे टाकले. आपल्याकडे मे महिन्याच्या सुकलेल्या फेअरवेवर वूड्सचा हिशेब थोडाफार लागू पडतो. श्रावणात चेंडू पडेल तिथेच रुततो, तेव्हा हवेतले अंतरच कामी येते.

तरीही ड्रायव्हर माळ्यावर टाका, असे मी म्हणणार नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाखेतील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवले की चांगल्या आणि सामान्य खेळाडूंतील गुणांचा फरक बहुतांशी लांबच्या फटक्यांतूनच येतो. चेंडू रफमध्ये पडला तर नुकसान थोडे. हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर मोठे. म्हणून उजवीकडे कुंपण असेल तिथे वूड, मैदान मोकळे असेल तिथे ड्रायव्हर, हे मला पटले. मोठ्या काकांना हे सांगितले तेव्हा ते प्रथमच म्हणाले, ''म्हणजे उधारी गिऱ्हाईक पाहून द्यायची.''

खरेदीविषयी थोडे. पिशवीत चौदाच स्टिक ठेवता येतात, तेव्हा प्रत्येकीने आपली जागा कमवायला हवी. स्टिक चेंडू मारून पाहिल्याशिवाय घेऊ नये. चेंडूचा वेग, फिरकी आणि दिशा मोजणारे यंत्र जिथे असेल तिथे अर्धा तास घालवावा आणि सर्वांत लांब गेलेला फटका न पाहता सर्वांत वाईट तीन पाहावेत. साडेदहा अंशांच्या आतला ड्रायव्हर मध्यमवयीन माणसाने घेऊ नये; ज्येष्ठांना आणि बऱ्याच भगिनींना बारा किंवा त्याहून अधिक अंशांचा, हलक्या लवचीक ग्रॅफाइट दांड्याचा सोयीचा. दांडा इंचभर कापून घेता येतो, मात्र डोक्याचे वजन मग हलके भासते, ते कारागिराकडून जुळवून घ्यावे. नामांकित कंपन्यांच्या नकला बाजारात फार आहेत; भाव अशक्य वाटला तर माल खोटा समजावा, हे आपणां व्यापाऱ्यांना शिकवायला नको. जुना पण खरा माल केव्हाही बरा.

एक गोष्ट मात्र दुकानदार आपणहून सांगत नाही. गोल्फचे उत्तम हातमोजे बहुधा मेंढीच्या चामड्याचे असतात. वेष्टनावर 'कॅब्रेटा' लिहिलेले असेल तर ते तेच. कृत्रिम धाग्याचे मोजे मिळतात आणि पावसात तेच अधिक पकड देतात. दांड्याची मूठ आज रबराची असते. चामडी मूठ अपवादाने दिसते, तरी विचारून घ्यावे. चेंडूची चिंता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो चामड्यात पिसे ठासून शिवत. आता सगळा रबर आणि प्लास्टिक.

यंदाच्या निमंत्रणाला मी जुनी, तीन क्रमांकाची वूड घेऊन गेलो. टी गवताच्या वर जेमतेम ठेवली. ड्रायव्हरसाठी उंच टी लावायची सवय वूडला मारक ठरते. चेंडू पात्याच्या वरच्या कडेला लागून नुसता उंच जातो. कॅडीने पिशवीतील ड्रायव्हरवर हात ठेवून विचारले, ''साहेब, हा नको?'' उजवीकडे ती भिंत तशीच होती. मी मान हलवली. चेंडू फार लांब गेला नाही. फेअरवेच्या डाव्या कडेला, एका झाडाच्या सावलीत जाऊन थांबला. खरेदी अधिकाऱ्यांचा चेंडू त्याच्या तीस यार्ड पुढे होता. आम्ही बोलत बोलत दोघांच्या चेंडूंकडे चालू लागलो. दराचा विषय त्यांनी दुसऱ्या होलपर्यंत काढला नाही.