खाली ऑफिसं, वर घरं: आधी इमारतीचे पाय बघा



खाली दुकानं-ऑफिसं आणि वर फ्लॅट, अशी संकुलं आता गावोगाव उभी राहताहेत. नकाशा दाखवताना लिफ्ट, पार्किंग, वेगळा जिना हे सगळं सांगतात. ते हवंच. पण आम्ही जबलपूरकरांनी आधी तळमजला बघावा, याला कारण आहे.

२२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर इथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. शहरातल्या एका वसतिगृहाच्या शेजारशेजारच्या दोन इमारती, रचना जवळपास सारखी. एकीचा तळमजला मोकळा, दुसरीच्या तळमजल्यावर विटांच्या भिंती. पहिलीचे खालचे खांब फुटले, दुसरीचे शाबूत राहिले.

असं का झालं? घरांत खोल्याखोल्यांच्या भिंती असतात, म्हणून वरचा भाग पेटीसारखा ताठ होतो. ऑफिसला मोकळा हॉल हवा, दुकानाला काच हवी, म्हणून खाली भिंती कमी. जमीन हलली की सगळं वाकणं खालच्या खांबांच्या वाट्याला येतं. जड पिट्ठू पाठीवर घेतलेल्या जवानाला धक्का दिला, तर आधी त्याचे गुडघे वाकतात. तसंच हे. अभियंते याला 'मऊ मजला' म्हणतात.

कोपऱ्यावरच्या प्लॉटवर आणखी एक धोका. दोन बाजूंना काच, मागे दोन भिंती, म्हणजे इमारत सरकते आणि पिळवटतेही.

उपाय आहेत, पण ते नकाशावरच करायचे. पायापासून गच्चीपर्यंत सलग जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंती घ्या, त्याही दोन्ही दिशांना आणि समतोल. घराच्या सोयीसाठी वरचा खांब खालच्या तुळईवर अधांतरी उभा करू नका. भुजच्या भूकंपानंतर, २००२ साली सुधारलेल्या आय.एस. १८९३ या मानकाने मऊ मजल्याचे खांब आणि तुळया अडीचपट बलासाठी डिझाइन करण्याचा मार्ग दिला होता. २०१६ च्या आवृत्तीत नियम आणखी कडक झाले. आणि भाडेकरूला हॉल मोठा हवा म्हणून नंतर भिंत पाडू देऊ नका.

१९९७ मध्ये रात्र होती, ऑफिसं रिकामी होती. मिश्र संकुल मात्र कधीच रिकामं नसतं. दिवसा खाली माणसं, रात्री वर. म्हणून बुकिंगच्या आधी एकच प्रश्न विचारा: "तळमजल्याचं भूकंपाचं गणित कुणी केलंय? त्या इंजिनिअरची सही दाखवा."

जय हिंद.