चित्र एक, घरे अनेक

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भोकरमधील मोंढ्याच्या मागे एक जुने माळवदाचे घर होते. भावाभावांत वाटणी झाली आणि घर पाडायला काढले. मी शाळेतून परतत होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माती, वासे आणि त्यावर सात-आठ जुन्या तसबिरी पडलेल्या दिसल्या. घरचे एक काका पाठीमागचे खिळे उपटून काचा बाजूला काढत होते आणि आतले कागद मातीत टाकत होते. एका तसबिरीत कमळावर उभी असलेली लक्ष्मी होती. मी म्हणालो, "काका, हे चित्र मला द्या." ते हसले. म्हणाले, "घ्या की सर. छापील हाये ते, हाताचं न्हाई. काच चांगली हाये म्हणून काढून घ्यायलो. कागदाला काय किंमत?"

चित्र घरी आणले. कडेला अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत रवि वर्मा प्रेसचे नाव होते. पण त्या काकांचा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. जे चित्र एकच असते ते मोलाचे आणि ज्याच्या हजार प्रती निघतात ते फुकटचे, असे खरोखर असते का? आज त्याबद्दलच थोडे बोलायचे आहे. कारण आपल्याकडची काही मुले आता पुन्हा हाताने छापलेली चित्रे करू लागली आहेत आणि मोबाइलवरून ती परक्या गावांतल्या माणसांना विकू लागली आहेत. त्यांचे पोट या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

छापील चित्राची सोपी व्याख्या करायची तर अशी करता येईल. चित्रकार कागदावर थेट न रंगवता आधी दुसऱ्या पृष्ठभागावर चित्र तयार करतो. तो पृष्ठभाग लाकूड असेल, लिनोलियम असेल, तांब्याचा पत्रा असेल किंवा दगड असेल. मग त्यावर शाई लावून कागद दाबला की चित्र उमटते. पुन्हा शाई, पुन्हा कागद. प्राथमिक शाळेत भेंडी आडवी कापून रंगात बुडवून ठसे उमटवलेले आपल्याला आठवत असतील. तत्त्व तेच. मराठीत अशा चित्राला मुद्राचित्र म्हणतात.

यात सर्वांत नवलाचा प्रकार म्हणजे दगडावरचा छापा, शिलामुद्रण. आपण त्याला लिथो म्हणून ओळखतो. जर्मनीत आलॉइस झेनेफेल्डर नावाचा एक नाटककार होता. स्वतःची नाटके छापून घ्यायला पैसे पुरत नव्हते, म्हणून तो स्वस्त युक्ती शोधत होता. १७९६ ते १७९८ च्या सुमारास त्याला ती सापडली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीवर ती उभी आहे. बव्हेरियातील झोल्नहोफेनचा चुनखडी दगड गुळगुळीत घासायचा. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे. डिंकाच्या पाण्यात किंचित आम्ल घालून ते दगडावर फिरवायचे. मग ओला स्पंज फिरवला की मोकळा दगड पाणी धरतो, तेलकट रेघ पाणी झिडकारते. आता तेलकट शाईचा रूळ फिरवा. शाई फक्त रेघेवर बसते, ओल्या दगडावर बसत नाही. कागद ठेवून दाब दिला की चित्र तयार. दगडावर काही कोरावे लागत नाही, खोदावे लागत नाही.

रंगीत चित्रासाठी मात्र प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. लक्ष्मीच्या साडीचा तांबडा एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्यावर, अंगकांतीच्या छटा आणखी दोन-तीन दगडांवर. एकाच कागदावर हे सारे एकावर एक छापायचे आणि केसभरही सरकू द्यायचे नाही. मातीत पडलेल्या त्या लक्ष्मीवर किती कारागिरांचे हात फिरले असतील, याचा अंदाज आपणच करावा.

मराठी मुलखात ही कला लवकर आली. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली. आपल्या देवांची आणि आपल्या इतिहासातील माणसांची चित्रे आपणच छापावीत आणि ती सामान्य माणसाला परवडावीत, हा त्यामागचा हेतू. चित्रशाळेचे रामपंचायतन आणि नाना फडणविसांचे चित्र घरोघरी गेले. ज्याला चितारी बोलावून भिंत रंगवून घेणे कधीच शक्य नव्हते, त्याच्या घरात प्रथमच चित्र आले.

पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत गिरगावला छापखाना काढला. यंत्रे आणि दगड जर्मनीहून आणले, तंत्रज्ञही जर्मन. त्याआधी त्यांची चित्रे राजवाड्यांत लागत. आता तीच लक्ष्मी, तीच सरस्वती, तीच शकुंतला बाजारात आली. मुंबईत प्लेगची साथ आली, धंद्यात अडचणी आल्या आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. कर्ज मात्र वाढतच गेले. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. म्हणजे चित्रे घरोघरी पोहोचली, पण ज्याने ती काढली त्याच्या हातात धंदा राहिला नाही. याच छापखान्यात काही काळ काम केलेला एक तरुण पुढे हलत्या चित्रांकडे वळला. ते दादासाहेब फाळके. १९७२ मध्ये त्या छापखान्याला आग लागली आणि बराच ठेवा जळून गेला.

आपल्या मराठवाड्याला लिथोची ओळख आणखी एका वाटेने होती. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. राज्यकारभार उर्दूत चाले. उर्दूचे नस्तालिक अक्षर एकमेकांत गुंफलेले, उतरते. त्याचे खिळे पाडणे अवघड. त्यामुळे उर्दूत पुस्तके आणि वर्तमानपत्रे दीर्घकाळ लिथोवरच छापली जात. कातिब नावाचा सुलेखनकार खास कागदावर तेलकट शाईने मजकूर लिहायचा, तो कागद दगडावर उलटा दाबून अक्षरे दगडावर उतरवली जायची आणि मग छपाई व्हायची. आजोबांच्या पेटीत जुने उर्दू पुस्तक असेल तर ते उघडून बघा. ती अक्षरे एका माणसाने बोरूने लिहिलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे.

आता दगडाचे दिवस गेले. पण हाताने छापण्याचे एक साधन आजही अगदी गरिबालाही परवडते. ते म्हणजे लिनोलियम. लिनोलियम तयार होते जवसाच्या तेलापासून. तेल घट्ट करतात, त्यात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा वगैरे मिसळतात आणि तागाच्या कापडावर थापतात. छपाईची जुनी शाईसुद्धा उकळलेल्या जवसाच्या तेलातच घोटतात. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच हे जवस. मुलांना हे सांगितले की त्यांना ही कला परकी वाटत नाही.

लिनोचा तुकडा, दोन-तीन कोरण्या, एक रबरी रूळ, शाई पसरायला काच आणि कागद एवढ्यावर काम सुरू होते. जो भाग पांढरा हवा तो कोरून काढायचा, उरलेल्यावर शाई लागते. यंत्र नसले तरी चालते. कागदावर स्वयंपाकघरातील गुळगुळीत डावाची पाठ घासली तरी छाप स्वच्छ येतो. एकच गोष्ट लक्षात ठेवायची की छापल्यावर सगळे उलटे होते. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने 'भोकर' असे कोरले. कागद उचलला तर आरशात बघितल्यासारखे गाव. वर्ग हसला, तोही हसला. ती चूक तो पुन्हा कधी विसरला नाही.

चित्तप्रसाद हे बंगालचे चित्रकार १९४६ नंतर बरीच वर्षे मुंबईत अंधेरीला राहिले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारा हा माणूस. सामान्य माणसाला परवडावे म्हणून त्यांनी लिनोवर आणि लाकडावर काम केले. कष्ट करणारी मुले, शेतकरी, प्राणी हे त्यांचे विषय. लिनोचित्र म्हणजे नाइलाजाने केलेली स्वस्त नक्कल असे ज्यांना वाटते, त्यांनी ती चित्रे जरूर पाहावीत.

तोच 'भोकर' उलटे कोरणारा विद्यार्थी आज मोठा झाला आहे. कोरडवाहू जमीन थोडी, पुढचे शिक्षण अर्धवट राहिले. तो दिवसा दुकानात काम करतो आणि रात्री लिनो कोरतो. बैलपोळा, आदिलाबादकडे जाणारी रेल्वे, कापूस वेचणाऱ्या बाया असे त्याचे विषय. चित्राचे फोटो तो मोबाइलवर टाकतो, लोक पैसे मोबाइलवरच पाठवतात आणि तो नळकांड्यात गुंडाळून पोस्टाने चित्र पाठवतो. कोरताना, छापताना तो स्वतःची चित्रफीतही काढतो. एकदा त्याने मला विचारले, "सर, म्या कसं करतो ते समद्यायला दाखवायलो. सगळेच शिकले तर मग माझं कोण घेणार?"

प्रश्न खरा होता. मी त्याला झेनेफेल्डरची पुढची गोष्ट सांगितली. त्याने १८१८ मध्ये आपली सगळी कृती पुस्तकात छापून टाकली, दुसऱ्याच वर्षी तिचे इंग्रजी भाषांतर निघाले. पण दगड समजला म्हणून सगळे चित्रकार झाले नाहीत. उलट, कृती माहीत झाल्यावर लोकांना चांगले-वाईट कळू लागले. ज्याने एकदा स्वतः लिनो कोरून बोट कापून घेतले आहे, तो दुसऱ्याच्या बारीक रेघेचे मोल जाणतो. शिकणाऱ्यांतूनच गिऱ्हाईक तयार होते.

मग आम्ही हिशेब मांडला. समजा एका चित्राच्या ३० प्रती काढायच्या. एका प्रतीला कागद, शाई, नळकांडे आणि टपाल मिळून दीडशे रुपये खर्च धरला आणि किंमत पाचशे ठेवली, तर साडेतीनशे उरतात. तीसही प्रती विकल्या तर साडेदहा हजार. पण कोरायला आणि छापायला महिनाभराच्या रात्री गेल्या आणि प्रती मात्र दहाच विकल्या, तर हातात फार तर साडेतीन हजार. म्हणून मी त्याला सांगितले, दुकानातील काम लगेच सोडू नकोस आणि कर्ज काढून यंत्र घेऊ नकोस. रविवर्म्यांसारख्या नावाजलेल्या माणसाला यंत्राचे कर्ज पेलले नाही. आपला डाव बरा.

घेणाऱ्यांनीही काही गोष्टी समजून घ्याव्यात. हाताने छापलेल्या चित्राखाली पेन्सिलीने सही असते आणि ७/३० असा आकडा असतो. म्हणजे एकूण ३० प्रतींपैकी ही सातवी. ठरलेल्या प्रती झाल्यावर प्रामाणिक चित्रकार ठशावर रेघ मारून तो बाद करतो. मी स्वतः एकदा एका शहरातल्या दुकानातून 'लिथो' म्हणून चित्र घेतले. घरी येऊन भिंगातून पाहिले तर एकसारखे रांगेतले ठिपके. ते यंत्रावर काढलेले साधे छापील चित्र होते. असे चित्र घेण्यात गैर काही नाही, पण त्याला लिथोचे नाव आणि लिथोची किंमत लावणे गैर आहे. हाताच्या लिथोतही ठिपके असतात, पण ते कारागिराने दिलेले, लहानमोठे, वेडेवाकडे. लिनोत तर ठिपक्यांची अशी जाळी नसतेच. पाच-पन्नास रुपयांचे भिंग आपली फसवणूक वाचवते. शंका असेल तर विकणाऱ्याला सरळ विचारावे, ठसा कशाचा, प्रती किती, छापले कोणी. ज्याने स्वतः छापले आहे तो आनंदाने सांगतो.

शेवटी पुन्हा त्या काकांच्या प्रश्नाकडे येऊ. छापील चित्राची किंमत कमी असते, कारण ती अनेक घरांनी वाटून घेतलेली असते. म्हणून त्यातले श्रम कमी होत नाहीत. एकच चित्र असते तर ते भोकरच्या माळवदापर्यंत कधी आले असते?

आपल्या घरात अशा जुन्या तसबिरी असतील तर त्या ओल्या फडक्याने पुसू नका. ओल आलेल्या भिंतीवरून आणि उन्हाच्या तिरिपेतून हलवा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. कडेला छापखान्याचे नाव आहे का ते बघा आणि टिपून ठेवा. ती लक्ष्मी मी नव्या काचेत बसवून शाळेच्या चित्रकला वर्गात लावली. काही दिवसांनी ते काका नातवाला घेऊन शाळेत आले होते. चित्रासमोर बराच वेळ थांबले आणि नातवाला म्हणाले, "ही आपल्या घरची."