चुंबकीय उष्ण तारा

चुंबकीय उष्ण तारा : सूर्याच्या मानाने वस्तुमान व पृष्ठीय तापमान पुष्कळ जास्त असून ज्याचे चुंबकीय क्षेत्र असाधारण प्रबल असते असा तारा. वर्णपटीय वर्गीकरणात असे तारे ओ व बी या वर्गांत मोडतात. सूर्याचे सर्वसाधारण क्षेत्र सु. १ गौस, तर या ताऱ्यांचे काहीशे ते हजारो गौस असते. शंभर उष्ण ताऱ्यांपैकी सु. ७ ताऱ्यांतच असे क्षेत्र आढळते.

चुंबकीय क्षेत्रामुळे वर्णपटरेषांचे विभाजन होते (झीमान परिणाम) व त्यावरून क्षेत्र मोजता येते. एच. डब्ल्यू. बॅबकॉक यांनी १९४७ मध्ये कन्या राशीतील ७८ व्हर्जिनिस या ताऱ्याचे क्षेत्र या रीतीने मोजले. ओ वर्गात क्षेत्र प्रथम २००२ मध्ये थीटा-१ ओरायनिस सी या ताऱ्यात आढळले. मृग नक्षत्रातील बाणाच्या दक्षिणेस नुसत्या डोळ्यांनी अंधुक दिसणाऱ्या अभ्रिकेत हा तारा आहे. ययाति तारकासमूहातील एनजीसी १६२४-२ या ताऱ्याचे क्षेत्र सु. २०,००० गौस असून ओ वर्गातील ज्ञात क्षेत्रांत ते सर्वांत प्रबल आहे.

उगम : सूर्याच्या बाह्य थरांतील तप्त वायूच्या अभिसरणामुळे त्याचे क्षेत्र सतत निर्माण होत राहते. उष्ण ताऱ्यांच्या बाह्य थरांत असे व्यापक अभिसरण नसते. तरीही त्यांचे क्षेत्र वर्षानुवर्षे स्थिर राहते. ते जन्मदात्या मेघाकडून आलेले असावे किंवा दोन तारे एकत्र मिसळताना निर्माण झालेले असावे, असे मानतात. एचडी १४८९३७ या जोडताऱ्यातील चुंबकीय घटक त्याच्या सोबत्यापेक्षा किमान १५ लक्ष वर्षांनी तरुण भासतो, असे २०२४ मध्ये दिसून आले. या निष्कर्षामुळे दुसऱ्या मताला पुष्टी मिळाली.

परिणाम : ताऱ्यातून वाहणारा आयनीभूत वायू क्षेत्ररेषांत अडकतो. त्यामुळे ताऱ्याच्या वस्तुमानाची झीज घटते व आयुष्याच्या अखेरीस अधिक वस्तुमानाचे कृष्णविवर बनू शकते. निसटणारा वायू मात्र कोनीय संवेग वाहून नेतो व अक्षीय भ्रमण मंदावते. एनजीसी १६२४-२ या ताऱ्यास एका भ्रमणास सु. १५८ दिवस लागतात.

रेडिओ स्पंद : काही चुंबकीय उष्ण ताऱ्यांभोवतीचे वेगवान इलेक्ट्रॉन अरुंद झोतांत रेडिओ तरंग उत्सर्जित करतात. चुंबकीय अक्ष भ्रमणाक्षाशी कललेला असल्याने हे झोत दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे फिरतात व पृथ्वीवरून नियमित स्पंद जाणवतात. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाने (४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या) असे आठ तारे शोधल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राने २०२१ मध्ये जाहीर केले. तोवर ज्ञात असलेल्या अशा १५ ताऱ्यांपैकी ११ तारे याच दूरदर्शकाने शोधले होते. पूर्वी विरळ मानला गेलेला हा आविष्कार बराच सार्वत्रिक असावा, असे यावरून दिसते.