काचेत मुरवलेला कचरा

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एक भट्टी आहे; तिच्याजवळ कुणीच उभं राहत नाही. जाडजूड काँक्रीटच्या भिंतीअलीकडून, शिसं घातलेल्या पिवळसर काचेतून चालक आत बघतो. तो मनगट वळवतो, पलीकडे यांत्रिक हात वळतो. तिथे हजार अंशांच्या आसपास काच वितळत असते आणि तिच्यात अणुइंधनाचा सगळ्यात जहाल कचरा मुरत असतो.

१९६४ साली इथे प्लुटोनियमचा कारखाना सुरू झाला. वापरलेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवायचं, युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घ्यायचं. मागे उरतं ते हे जहाल पाणी.

खरी खोड सल्फेटची. प्लुटोनियम वेगळं करताना फेरस सल्फामेट वापरलेलं, त्यामुळे इथल्या जुन्या कचऱ्यात सल्फेट भरपूर. नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत ते फारसं मुरत नाही. दुधावर साय धरावी तसा पिवळा थर वर येतो आणि कचऱ्यातलं किरणोत्सारी सीझियम नेमकं त्यात जाऊन बसतं. हा थर पाण्यात विरघळतो! इथल्या रसायनतज्ज्ञांनी काचेत बेरियम घातलं, तेव्हा कुठे सल्फेट वळणावर आलं.

सीझियम मोकळं सुटलं की काय होतं, ते ब्राझीलमधल्या गोइयानियाने १९८७ साली भोगलं. ओस पडलेल्या दवाखान्यातलं उपचारयंत्र भंगारात गेलं. आत सीझियम क्लोराइडची जेमतेम शंभर ग्रॅम पूड, अंधारात निळी चमकणारी. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली. चौघे दगावले.

ट्रॉम्बेत आता हेच सीझियम कचऱ्यातून वेगळं काढून काचेच्या कांड्यांत कोंडतात. रक्तपेढ्यांत त्यांच्या किरणांनी दात्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी निकामी करतात. कांडी फुटलीच, तरी पुडीसारखी उधळत नाही. कचऱ्याचं इतकं सोनं क्वचितच होतं.

पण सीझियम निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात, आणि माणसांच्या नोंदवह्या तेवढ्या टिकत नाहीत. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठातलं जुनं किरणयंत्र लिलावातून आलं. १९८५पासून ते नुसतं पडून होतं. त्यात पूड नव्हती, कोबाल्ट धातूच होता. तरी एक कामगार गेला.

उरलेल्या कचऱ्याच्या काचेला अजून कायमचं घर नाही. खोल खडकातली जागा भारतात तयार झालेली नाही. तोवर तारापूरच्या कोठारात काचेचे डबे ठेवतात. डबे स्वतःच तापतात, तापलेली हवा उंच चिमणीतून वर जाते आणि खालून थंड हवा आत ओढली जाते. पंखा ठेवलेलाच नाही, म्हणजे वीज गेली तरी वारा चालू.