बारवीकाठच्या वाटा

बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेकडून निघून उल्हास नदीचा पूल ओलांडला की मुळगावच्या खंडोबाची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याचा रस्ता पुढे बारवी धरणाकडे आणि तिथून मुरबाडला जातो. कार्तिक महिन्यात पहाटे या रस्त्याने गेलात तर शेतांवर धुके असते आणि भातकापणी संपत आलेली असते. दोन्ही अंगांना साग आणि ऐनाचे जंगल दाट होत जाते. मग एका वळणावर झाडांमधून पाणी दिसते, आणि ते किती मोठे आहे हे पहिल्या नजरेत कळत नाही. डोंगरांच्या घळींमध्ये शिरलेले त्याचे हात मोजायचे तर काठाने चालावे लागते.

मी त्यासाठीच जात आलो आहे. युरोपात फिरून आलेली मंडळी आल्प्समधल्या धरणतलावांभोवतीच्या वाटांचे फोटो दाखवतात. आखीव पायवाट, रंगवलेले दगड, दिशादर्शक पाट्या आणि निळे पाणी. इथेही असे काही आहे का, असा प्रश्न मग हमखास येतो. पाणी आहे, डोंगर आहेत, वाटाही आहेत. पण या वाटा फिरायला येणाऱ्यांसाठी कुणी आखलेल्या नाहीत. त्या गावांच्या वाटा आहेत, आणि त्यांतल्या काही थेट पाण्यात उतरतात.

बारवी ही उल्हासची उपनदी. तिच्यावर मातीचे धरण १९७२ साली उभे राहिले ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले, डोंबिवली-अंबरनाथचे कारखाने वाढत होते आणि त्यांना पाणी हवे होते. पुढे कारखान्यांच्या पाठोपाठ माणसे आली, आणि उद्योगांसाठी बांधलेले धरण शहरांची तहान भागवू लागले. उल्हासनगरचेच पाहा. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सी. राजगोपालाचारी यांनी कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या या वसाहतीची पायाभरणी केली आणि तिला नदीवरून नाव मिळाले. नदीचे नाव असलेल्या या शहराचे स्वतःचे धरण नाही. महामंडळाकडून मिळेल त्या पाण्यावर ते चालते.

धरणातून सुटलेले पाणी थेट नळात जात नाही. ते बारवीच्या पात्रातून उल्हासला मिळते, आपटीच्या बंधाऱ्याशी अडते, तिथून उचलून जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रात नेले जाते आणि मग मोठ्या जलवाहिन्यांतून ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरपर्यंत पोचते. उन्हाळ्यात बदलापूरच्या पुलावरून उल्हास वाहती दिसते, यामागे आणखी एक लांबचा हात आहे. मावळातली आंध्रा नदी इंद्रायणीला, म्हणजे शेवटी भीमा आणि कृष्णेला मिळणारी. तिचे पाणी ठोकरवाडीला अडवून, घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात टाटांनी १९२२ पासून सोडायला सुरुवात केली. वीज तयार झाल्यावर ते उल्हासमध्ये येते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी अशा रीतीने सह्याद्रीच्या कड्यावरून वळून आमच्या अंगणातून अरबी समुद्राकडे जाते. पुलावर उभे राहताना ही गोष्ट मला नेहमी आठवते.

बारवीची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. शेवटच्या वाढीत पाण्याची पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरपर्यंत नेण्याचे ठरले. चार मीटर म्हणजे एका घराची उंची, ऐकायला थोडीच. पण सपाट खोऱ्यात चार मीटर पाणी चढले की ते आडवे किती दूर पसरते, हे काठावरच्या माणसाला विचारावे. साठवण सुमारे २३३ दशलक्ष घनमीटरवरून ३४० दशलक्ष घनमीटरच्या आसपास गेली. लिटरमध्ये सांगायचे तर ३४ हजार कोटी. तोंडली, काचकोली, मोहघर, सुकाळवाडी, मानिवली, कोळेवडखळ ही मुरबाड तालुक्यातली नावे या वाढीव पाण्याच्या वाट्याला आली. मोहघर हे नाव ऐकले की मला फाल्गुनात पहाटे मोहाची फुले वेचणाऱ्या बायका डोळ्यांसमोर येतात. ते नाव आता प्रकल्पग्रस्तांच्या यादीत वाचावे लागते.

हजाराहून अधिक कुटुंबे यात आली. दीर्घ लढ्यानंतर जे ठरले ते मला महाराष्ट्रातल्या पुनर्वसनाच्या इतिहासात वेगळे वाटते. कुटुंबातल्या एकाला नोकरी किंवा तिच्याऐवजी रोख रक्कम द्यायची, आणि नोकऱ्या द्यायच्या त्या महामंडळाने व पाणी पिणाऱ्या महापालिका-नगरपालिकांनी, आपापल्या पाण्याच्या वाट्याप्रमाणे. जो पाणी पितो तो देणे लागतो, हे तत्त्व निदान कागदावर तरी इतक्या स्पष्टपणे मान्य झाले. २०१९ च्या पावसाळ्यात धरण नव्या उंचीपर्यंत भरले. त्याच जुलैत, २७ तारखेला, बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. देशभर ती बातमी गेली. काठावरची गावे उठली त्याची बातमी जिल्ह्याच्या पानापुढे फारशी गेली नाही.

धरणाच्या सांडव्यावर बसवलेले दरवाजे स्वयंचलित आहेत. ठराविक पातळी गाठली की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात, कुणी कळ दाबावी लागत नाही. म्हणून पाणी ७२ मीटरच्या पुढे सरकू लागले की खालच्या आष्टे, राहटोली, चोण, चांदप, पिंपळोली अशा गावांना आधीच इशारा जातो. श्रावणात काठावर भटकणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे. ऊन पडलेले असतानाही पात्र भरू शकते, कारण पाऊस वर कुठेतरी पडून गेलेला असतो. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. ती कोट्यवधी लिटर पाणी अडवणारी मातीची भिंत आहे, बसून डबा खायची जागा नव्हे.

फिरायचे ते दसऱ्यापासून होळीपर्यंत. आल्प्समध्ये बर्फ वितळते तेव्हा उन्हाळ्यात तळी भरतात आणि चालणारेही तेव्हाच येतात. आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा असतो, त्यामुळे तळे सर्वांत भरलेले आणि सर्वांत देखणे असते ते वाटा नुकत्याच कोरड्या पडू लागतात तेव्हा. गवत डोक्याएवढे, कारवीच्या काठ्या अजून हिरव्या, पाण्यावर पाणकावळ्यांच्या माळा. जंगलाच्या सावलीत स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी एकदा हलली की सकाळ सार्थकी लागते. पौष-माघात ऐनाची पाने झडतात, आणि मग काटेसावर, पळस, पांगारा यांचे लाल रंग चढतात. ठाकर आणि कातकरी वाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा सकाळी सहालाच जाग्या असतात. वाट चुकलो तर “मामा, खाली पाण्याकडे कुठली वाट जाते?” एवढे विचारले तरी पुरते, बहुतेक वेळा माणूस थोडे अंतर सोबत येतो. जूनच्या पहिल्या पावसात याच वाटांनी शेवळे बदलापूरच्या बाजारात येतात, सोबत काकडाची आंबट फळे, कारण त्यांच्यावाचून शेवळांची खाज जात नाही. वाटेचा खरा मालक कोण, हे या रानभाजीच्या टोपल्या पाहून कळते.

धरणाच्या या काठाहून रेल्वेच्या पलीकडे, डोंगररांगेत पाण्याच्या आणखी तीन जागा आहेत. मलंगगड, तावली, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद अशी ही रांग पुढे माथेरानला भिडते. तिच्या पश्चिमेला उतरणारे पाणी पनवेलच्या बाजूला जाते, पूर्वेला उतरणारे उल्हासकडे. काकोळे गावाजवळचा जी.आय.पी. तलाव त्याच नावाच्या जुन्या रेल्वे कंपनीचा. १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरीकडे रूळ गेले आणि वाफेच्या इंजिनांना डोंगरातल्या पाण्याची गरज पडली. चिखलोलीचे धरण अंबरनाथला पाणी देते. भोजचा तलाव मात्र अजून गावाचा वाटतो, आणि तिथून कोंडेश्वराच्या धबधब्याकडे वाट जाते.

कोंडेश्वराविषयी थांबून लिहायला हवे. शंकराचे देऊळ, काळा कातळ, त्यात पाण्याने कोरलेला डोह. देखणी जागा आहे, आणि जवळजवळ दर पावसाळ्यात तिथे कुणाचा तरी मुलगा बुडतो. काठावर पाणी गुडघाभर वाटते आणि पुढच्याच पावलाला कातळ संपतो. वरून पडणारी धार डोहात उतरून परत वळते, ती पोहणाऱ्याला बाहेर येऊ देत नाही. रांगेवर ढग फुटला की खाली काही कळायच्या आत ओढा चढतो. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धरणे-धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते. ती बंदी मला जाचक वाटत नाही. ज्यांनी डोहाकाठी बसलेले आईबाप पाहिले आहेत त्यांना वाटणारही नाही. पण आठ महिने कुणी काही सांगत नाही आणि चार महिने पोलीस उभे राहतात, हे पुरेसे नाही. स्थानिक तरुणांना वाटाड्याचे शिक्षण, डोहाच्या तोंडाशी खोलीची पाटी, दोर आणि जीवरक्षक कडी, एवढे तर करता येण्यासारखे आहे.

तावलीच्या पायथ्याला उगवणारी वालधुनी ही या सगळ्या पाण्यांतली सर्वांत दुर्दैवी. उगमापाशी ती स्वच्छ ओढा आहे. अंबरनाथला ती शिवमंदिराच्या पायाशी येते. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारांचे ते मंदिर, काळ्या दगडावरचे कोरीवकाम अजून थक्क करणारे. तिथून उल्हासनगरकडे वळल्यावर मात्र नदीचे रंग बदलत जातात, आणि त्यातला एकही तिचा नव्हे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. डोंगरात पाणी जपणारे आम्हीच, आणि आठ-दहा किलोमीटर खाली ते नासवणारेही आम्हीच. उगमापासून मंदिरापर्यंत चालत जाण्यासारखी वाट बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरमधल्या प्रत्येक शाळेने एकदा तरी चालावी असे मला फार वाटते.

इटलीच्या दक्षिण टिरोल भागात रेशेन नावाचा धरणतलाव आहे. १९५० मध्ये त्यात ग्राउन नावाचे गाव बुडाले. चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा पाण्याबाहेर उभा राहिला. आता तळ्याभोवती सुमारे पंधरा किलोमीटरची पायवाट आहे आणि चालणारे मनोऱ्यापाशी थांबतात. त्या मनोऱ्यामुळे ग्राउन हे नाव जगाला कळले. आमच्या बुडालेल्या गावांत पाण्याबाहेर राहील इतके उंच काही नव्हते. पेंढ्याचे छप्पर, कौले, अंगणातला आंबा, वेशीवरचा मारुती. बारवीभोवती उद्या निसर्गवाट झाली, आणि ती व्हावी, तर मोहघरच्या, काचकोलीच्या, सुकाळवाडीच्या दिशेला तोंड करून निदान त्यांची नावे तरी लिहिलेली असावीत. वाट दाखवणारी माणसे त्याच कुटुंबांतली असावीत, आणि तिचे पैसेही त्यांच्या घरी जावेत.

गेल्या वैशाखात मी काठावर गेलो तेव्हा पाणी बरेच खाली सरकले होते. काठाच्या भेगाळलेल्या मातीवर पातळीचे पट्टे उमटले होते, वठलेल्या झाडांचे बुंधे उघडे पडले होते. त्यांच्यामधून एक पायवाट स्पष्ट दिसत होती. वर्षातले नऊ-दहा महिने ती पाण्याखाली असते, तरी मिटलेली नव्हती. एक गुराखी पोर चार शेळ्या घेऊन त्याच वाटेने सरळ खाली पाण्यापर्यंत गेला, जिथे वाट पाण्यात शिरत होती तिथे थांबला, आणि शेळ्या पाणी पिऊ लागल्या.