बाबासाहेब पंचायतींच्या विरोधात होते का? १९३२चं एक भाषण वाचताना

स्थानिक स्वराज्य संस्थांवर काम करतो असं सांगितलं की दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला हेच ऐकवतं: "पण आंबेडकर तर पंचायतराजच्या विरोधातच होते ना?" पुरावा म्हणून ४ नोव्हेंबर १९४८चं संविधान सभेतलं भाषण पुढे येतं. त्यात त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं आगर ठरवलं होतं आणि मसुद्यात गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. वाक्य खरं आहे, आणि त्यावर तेव्हाच गदारोळ झाला होता. ह. वि. कामत यांच्यासारख्या सदस्यांनी दुसऱ्याच दिवशी टीका केली.

माझं म्हणणं असं की हे वाक्य म्हणजे त्यांच्या युक्तिवादाचा शेवट आहे. युक्तिवाद वाचायचा असेल तर सोळा वर्षं मागे, मुंबई विधान परिषदेत जावं लागतं.

बाबासाहेब तिथे १९२६च्या अखेरीपासून नियुक्त सदस्य होते. १९३२मध्ये सरकारने ग्रामपंचायतींचं विधेयक आणलं, ज्याचा पुढे १९३३चा कायदा झाला. त्यात गावाच्या कारभाराबरोबर किरकोळ दिवाणी आणि फौजदारी दावे चालवायचे अधिकारही पंचायतींना द्यायचे होते. बाबासाहेब त्यावर बोलले ६ ऑक्टोबर १९३२ रोजी. तारीख लक्षात घ्या. पुणे करार झाला २४ सप्टेंबरला, म्हणजे फक्त बारा दिवस आधी. त्या करारात स्थानिक संस्थांच्या निवडणुकांमध्ये अस्पृश्य म्हणून कुणावर बंधन असणार नाही आणि त्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावं म्हणून प्रयत्न होतील, असंही कलम होतं. त्या शब्दाची शाई वाळायच्या आत हे विधेयक समोर आलं.

हे भाषण सरकारने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहे. पहिल्यांदा वाचताना मी चमकलो, कारण सुरुवातीलाच ते सांगतात की अधिकार खाली देण्याच्या तत्त्वाला माझा विरोध नाही. लोकल बोर्डांवर कामाचा बोजा जास्त झाला असेल आणि तो कमी करायला पंचायती हव्या असतील तर जरूर करा. मग अडचण कुठे? दोन ठिकाणी.

पहिली अडचण प्रतिनिधित्वाची. सगळ्या प्रौढांना मत दिलं तरी मला पुरणार नाही, असं ते म्हणतात, कारण अस्पृश्य समाज प्रत्येक गावात अल्पसंख्य आहे आणि प्रौढ मताधिकाराने अल्पसंख्याकांचे बहुसंख्य होत नाहीत. म्हणून पंचायती करायच्याच तर खास जागा ठेवा. बाकीच्या अल्पसंख्याकांनी आपापलं बोलावं, निदान आमच्यासाठी तरी ठेवा.

इथे माझ्यातला एम.एस्सी. संख्याशास्त्रवाला जागा होतो. समजा, एका गावात १००० मतदार आहेत, त्यातले १२० गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. पंचायतीत सात जागा. (हे आकडे माझे, समजावण्यापुरते.) सगळं गाव एकच वॉर्ड धरलं आणि प्रत्येकाला सात मतं दिली, तर ८८० जण ठरवून सातही जागा घेतात. वस्तीला शून्य. बरं, सात वॉर्ड करू. एका वॉर्डात साधारण १४३ मतदार. वस्ती अख्खी एका वॉर्डात आली तर एक जागा नक्की. पण रेघ वस्तीच्या मधून गेली आणि ६०-६० अशी वाटणी झाली, की पुन्हा शून्य. आणि रेघ कोण मारणार?

आणखी एक पर्याय: सातही मतं एकाच उमेदवाराला द्यायची मुभा ठेवा. अल्पसंख्याकांसाठी ही पद्धत चांगली मानतात. वस्तीची ८४० मतं एकाच्या पदरात पडतात. पण बाकीच्यांची एकूण मतं ६१६०. ती सात उमेदवारांत नीट वाटली तर प्रत्येकी ८८०. तरीही वस्ती हरली! १२ टक्के लोक, आणि आरक्षणाशिवाय खात्रीची अशी एकही वाट नाही.

मोठ्या प्रांतात असं होत नाही. तिथे हजार गावांतले बाराबारा टक्के एकत्र येतात, कुठे संख्या जास्त, कुठे कमी, बहुसंख्याकांमध्येही फाटे असतात. घटक लहान केला की ही सगळी मोकळीक संपते. लोकांच्या जवळ आलेली सत्ता ही कुणाच्या जवळ आली, असा हा प्रश्न आहे.

आणि हे फक्त गणित नव्हतं. १९२८मध्ये त्यांनी याच सभागृहात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं होतं. वतनदार महार काम सरकारचं करायचा, पण त्याच्या मोबदल्याचा मोठा भाग बलुत्याच्या रूपाने गावाकडून यायचा. गावाच्या मनाविरुद्ध वागलं की बलुतं बंद. अशा माणसाने पंचायतीच्या निवडणुकीत मोकळेपणाने मत द्यावं, ही अपेक्षाच जरा गमतीची आहे.

दुसरी अडचण न्यायदानाची, आणि इथे भाषणाची धार वाढते. उच्चनीचतेवर श्रद्धा असलेल्या गावात निवडून आलेला पंच स्वतःच्या जातीविरुद्ध निकाल देईल का? दिला तर पुन्हा निवडून येईल का? न्यायाधीश प्रशिक्षित हवा आणि मतदारांपासून स्वतंत्र हवा, असा त्यांचा मुद्दा. मला हा पहिल्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण त्याची चर्चा क्वचितच होते.

आता परत १९४८मध्ये येऊ. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींबद्दलची दुरुस्ती मांडली. तोच आजचा अनुच्छेद ४०. बाबासाहेबांनी ती मान्य केली, फार न बोलता. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचं कलम त्यांनी स्वतः मांडलं, तो आजचा अनुच्छेद ५०. १९३२चं भाषण डोक्यात ठेवून वाचलं की हे दोन प्रसंग शेजारी शेजारी दिसतात. नुसतं ४ नोव्हेंबरचं वाक्य वाचलं तर दिसत नाहीत.

अनुच्छेद ४० हे मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे कोर्टात जाऊन मागता न येणारं. राखीव जागांबद्दल त्यात चकार शब्द नाही. त्यासाठी ७३वी घटनादुरुस्ती यावी लागली, ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली. अनुच्छेद २४३-ड नुसार पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, आणि किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना. (महाराष्ट्रात आता निम्म्या.) आपल्या काल्पनिक गावात सातचे १२ टक्के म्हणजे ०.८४, तर एक जागा. १९३२ची मागणी ती हीच, एकसष्ट वर्षांनी. न्यायदानाचंही तसंच. २००८च्या ग्राम न्यायालय कायद्यात न्यायाधिकारी निवडून येत नाही, त्याची पात्रता प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची लागते.

मग प्रश्न सुटला का? २४३-ड उमेदवार कोण असावा हे ठरवतं. मत मात्र वॉर्डातले सगळेच देतात. वस्ती दोन वॉर्डांत विभागलेली असेल, तर राखीव जागेवर कोण बसणार हे उरलेले ८३ मतदारच ठरवू शकतात, आणि त्यांना नडणारा उमेदवार त्यांना नकोच असतो. राखीव जागेवरून निवडून आलेला सरपंच आणि खुर्चीमागून कारभार हाकणारा दुसराच कुणी, हे चित्र ग्रामीण भागात राहणाऱ्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. कुणाच्या मतांवर निवडून यायचं, यावरच तर सप्टेंबर १९३२मध्ये येरवड्यात ताणाताणी झाली होती.